शंभरावी सही

दवंडी द्यायची, पण ती कुणाला ऐकू जाता कामा नये, ही एक कला आहे. मला आणि आमच्या बबन शिपायाला ती जेवढी साधली होती तेवढी मावळ तालुक्यात दुसऱ्या कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. भातलावणीच्या दिवसांत भर दुपारी, सगळं गाव खाचरात वाकलेलं असताना, बबन रिकाम्या आळीतून हलगी वाजवत जायचा आणि ओरडायचा, "ऐका हो ऐका, येत्या शुक्रवारी ग्रामसभा हाय!" एखादं कुत्रं मान वर करून बघायचं आणि परत झोपायचं. दवंडी दिल्याची नोंद मात्र व्हायची, आणि गंमत म्हणजे ती खरी असायची.

मी तेहेतीस वर्षं ग्रामसेवक होतो. ग्रामसेवक म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. जन्माची नोंद तो करतो, मरणाचीही तोच करतो, मधल्या काळात घरपट्टी मागतो. नळाला पाणी नाही आलं तर शिव्या त्याला, दिवा लागला नाही तर शिव्या त्याला. नवराबायकोचं भांडण झालं तरी दोघं वेगवेगळ्या वेळी पंचायतीत येतात आणि दोघांनाही त्याच्याकडून दाखला हवा असतो. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात. या 'साहेब'मध्ये आदर किती आणि चिमटा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

नोकरीतलं शेवटचं गाव कुठलं, ते सांगत नाही. लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, इंद्रायणी भात पिकवणारं, एवढं पुरे. वाचून चार-पाच गावांना हे आपलंच वाटेल, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही.

आता ग्रामसभेचं. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. गावची जागा, गावचं पाणी, गावचा पैसा, सगळ्याचा निर्णय तिथे व्हायचा असतो. म्हणून कायद्याने अट घातली आहे की अमुक इतकी माणसं हजर पाहिजेत. तिला गणपूर्ती म्हणतात. आमच्या गावाला शंभर माणसं लागत. शंभर जमली नाहीत तर सभा तहकूब करायची आणि काही दिवसांनी पुन्हा भरवायची. आणि पुन्हा भरवलेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही! पाच माणसं आली तरी चालतात. मग ती पाच माणसं सरपंचांच्या ओसरीवर चहा पिता पिता गावचा निर्णय करतात, आणि बबन वही घेऊन घरोघरी सह्या गोळा करतो.

म्हणजे पहिली सभा फसायलाच हवी. ती बिचारी कधी चुकूनही यशस्वी होत नसे. इतकी की मी आदल्या दिवशीच इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवायचो, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली.' खाली सरपंच सही करून टाकायचे. दुसऱ्या दिवशी फक्त खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या. हस्ताक्षर माझं पहिल्यापासून चांगलं, त्यामुळे ते वाक्य फार देखणं दिसायचं.

या पद्धतीचा फटका कुणाला बसतो, ते मला कळत नव्हतं असं नाही. वरच्या वाडीतल्या विठाबाईंनी वाडीला नळ मिळावा म्हणून अर्ज केला होता. पायातल्या चपला हातात घेऊन त्या डोंगर उतरून यायच्या आणि खुर्ची असूनही खाली बसायच्या. दुपारी मी म्हणायचो, "मावशी, सभा झाली." त्या विचारायच्या, "कवा? मी हितंच हुते की!" असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्या काही न विचारता उठून गेल्या. मला त्याची आजही लाज वाटते.

दुसरे नेमाने येणारे म्हणजे पाटकरसाहेब. निवृत्त होऊन मुंबईहून आलेले, गावाच्या कडेला बंगला बांधलेले. त्यांची तक्रार कोंबड्याविरुद्ध होती. कोंडिबाआबांचा कोंबडा पहाटे चारला आरवतो, तर त्यावर कारवाई व्हावी, असा तीन पानांचा टाइप केलेला अर्ज त्यांनी मला दिला. मी आबांना बोलावलं.

"आबा, निदान शनिवार-रविवार तरी कोंबडा झाकून ठेवा."

"भाऊसाहेब, त्येला वार कळत्यात व्हय?" आबा म्हणाले. "आन् ह्यास्नी इचारा, ह्ये कोंबड्याच्या गावात आले का कोंबडा ह्यांच्या गावात गेलता?"

मी सुटका करून घ्यायला पाटकरांना म्हणालो, "साहेब, हा विषय ग्रामसभेत मांडावा लागेल आणि तुम्ही इथले मतदार नाही." मला वाटलं, संपलं. पण पाटकरसाहेब नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी मुंबईच्या यादीतलं नाव कमी करून आमच्या यादीत घातलं. केवळ कोंबड्यासाठी स्वतःचा मतदारसंघ बदलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग प्रत्येक सभेला ते फाईल घेऊन फाटकापर्यंत यायचे, मी लांबूनच 'तहकूब' म्हणून हात हलवायचो, आणि ते "ठीक आहे" म्हणून परत जायचे. ते मतदार झालेत हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. ते मला आणि माझ्या यादीला, दोघांनाच ठाऊक होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना, अश्विनी आली.

अश्विनी आमच्याच खालच्या आळीतली, वय चोवीस. बीकॉम करून पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि सोडून परत आली, म्हणून गावाने तिला वेड्यात काढलं होतं. तिने आणि तिच्या सहा-सात सोबत्यांनी एक बेत आखला होता. गावचा इंद्रायणी भात व्यापारी खळ्यावरूनच उचलून न्यायचा. त्याऐवजी गावातच छोटी भातगिरणी टाकायची, तांदूळ काढायचा, गावाच्या नावाच्या पिशव्या भरायच्या आणि सुट्टीला येणाऱ्या पर्यटकांना, पुण्याच्या सोसायट्यांना थेट विकायच्या. नफ्यातला हिस्सा भात घालणाऱ्या प्रत्येक घराला. तिचा भाऊ सागर आंबीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, तो यंत्र सांभाळणार होता. यंत्र एका योजनेतून मंजूरही झालं होतं. फक्त जागा हवी होती, आणि जागा म्हणजे जुन्या शाळेची बंद खोली. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता, तोही जानेवारी संपायच्या आत. नाहीतर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार होतं.

त्याच खोलीसाठी दुसरा अर्ज सरपंच दत्ताभाऊंच्या मेहुण्याचा होता. त्याला तिथे मांडवाचं सामान ठेवायचं होतं. थोडक्यात, सभा भरली तर खोली गावाच्या हातात आणि सभा तहकूब झाली तर खोली मेहुण्याच्या हातात.

अश्विनी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, ग्रामसभेला किती माणसं लागतात?"

तेहेतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी परीक्षेला बसल्यासारखं नियम, कलम, पोटकलम सगळं म्हणून दाखवलं.

"आणि येतात किती?"

मी चष्मा शोधायला लागलो. तो डोळ्यांवरच होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "शंभर आम्ही आणतो."

मला मनापासून हसू आलं. शंभर माणसं गावात फक्त दोन गोष्टींना जमतात, लग्नाच्या पंगतीला आणि भांडणाला. मुलांनी आधी व्हॉट्सॲपवर आवाहन केलं. अडीचशे जणांनी अंगठा दाखवला. पण फोनवर दाखवलेला अंगठा हजेरीत धरता येत नाही. मग त्यांनी चावडीसमोर पथनाट्य केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, आणि सभेला या म्हटल्यावर "बघू की" म्हणून पांगले. आमच्याकडे 'बघू की' म्हणजे नाही.

मग एक दिवस मी घरपट्टीसाठी खालच्या आळीत गेलो तर अश्विनीच्या अंगणात हा गोंधळ. पिशवीत कुठला तांदूळ घालायचा ते ठरवायला तिने दहा घरांतला नवा तांदूळ आणून दहा पातेल्यांत शिजवला होता. कोंडिबाआबांनी एका पातेल्यावरचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि जाहीर केलं, "ह्यो वरच्या वाडीचा. ह्येला वास हाय कुटं?"

वरच्या वाडीची एक बाई तिथेच होती. ती पदर खोचून पुढे आली. "आमच्या भाताला वास न्हाई? आवो, आमी भात रांधला की तुमच्या आळीतली पोरं वर पळत येत्यात!"

"पोरं तुमच्या बोरांसाठी येत्यात!"

झालं. पाच मिनिटांत दोन्ही वाड्यांची माणसं भिंतीवरून, गोठ्यातून, कुठून कुठून गोळा झाली. कुणाच्या खाचराला झऱ्याचं पाणी, कुणाच्या बापाने बियाणं कुठून आणलं, सगळं निघालं. अश्विनी उलथनं हातात धरून गप्प उभी होती. मला वाटलं बिचारी घाबरली. ती डोकी मोजत होती.

दुसऱ्या दिवशी गावभर कागद लागले. 'प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत गावचा सर्वांत वासाचा भात ठरेल. प्रत्येक वाडीने पातेलं आणावं. वास घेण्याचा हक्क हजेरीवहीत सही करणाऱ्या मतदारालाच.' शेवटची ओळ वाचून मी खुर्चीत बसलो. या मुलीला कायदा मीच शिकवला होता.

तरीही माझी सवय बघा. पंचवीस जानेवारीला दुपारी चहा घेता घेता मी नेहमीचं वाक्य वहीत लिहिलं आणि दत्ताभाऊंनी खाली सही ठोकली. "पोरं हाईत," ते म्हणाले. "वास घ्यायला येत्याली, सही करायला कोण येतंय?"

सव्वीसला झेंडावंदन झालं. अकरा वाजता सभा होती. खुर्च्यांवर तीस-पस्तीस माणसं. दत्ताभाऊंनी माझ्याकडे समाधानाने पाहिलं. मग शाळेच्या मैदानात चुलींवरची झाकणं निघाली आणि इंद्रायणीचा तो वास गावावर पसरला. ज्याने मावळात नवा भात खाल्लाय त्याला मी वेगळं सांगायला नको. चुलीवरचं पिठलं सोडून, दाढी अर्धी सोडून माणसं येऊ लागली. एक गृहस्थ खरोखर एका गालाला साबण लावून आले. सागर रात्रपाळी करून थेट कारखान्याच्या गणवेशात आला आणि सोबत सहा जणांना जीपमधून घेऊन आला. "आधी सही, मग नाक!" मुलं ओरडत होती. बबनची धांदल उडाली होती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा सह्या जागेवर बसून घेतल्या.

विठाबाईही आल्या होत्या. अंगठा उठवून त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, सभा झाली का व्हायची हाय?"

"व्हायचीय, मावशी."

"मग बसते," त्या म्हणाल्या, आणि या वेळी खुर्चीवर बसल्या.

मी सह्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. नव्व्याण्णव.

अश्विनीने वाड्यांत मुलं पिटाळली. ती हात हलवत परत आली. जे गावात होते ते सगळे आलेले, उरलेले पाहुणे म्हणून परगावी किंवा कामावर. साडेअकरा झाले. दत्ताभाऊ उठले. "नियम म्हंजी नियम. आमाला बी वाईट वाटतंय. भाऊसाहेब, तहकूब लिवा."

लिहायचं काय, लिहिलेलंच होतं. अश्विनीचा चेहरा उतरला. ती कुणाशी भांडली नाही, नुसती पातेल्यांकडे बघत राहिली. आणि तेवढ्यात मला फाटकाशी पाटकरसाहेब दिसले. काखेत फाईल, डोक्यावर टोपी, नेहमीसारखे माझा हात हलण्याची वाट बघत उभे.

खरं सांगतो, मला मोह झाला. माझ्यासमोर ती वही होती. पानांवर छापील आकडे, एकही पान फाडता येत नाही. सभा भरली तर सगळ्या गावाला दिसणार होतं की भाऊसाहेबांनी सभा भरायच्या आधीच गुंडाळून ठेवली होती. निवृत्तीला चार महिने. नेहमीसारखा हात हलवला असता तर कुणाला काही कळलं नसतं, डाग लागला नसता, निरोपाला शाल-नारळ मिळाला असता. माझा हात अर्धा वर गेलाही होता.

मग विठाबाई खुर्चीवरून उठताना दिसल्या. काही न विचारता निघाल्या होत्या.

"पाटकरसाहेब!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बबनची हलगी हातातून पडली. "आत या! सही करा!"

"आवो, त्ये बंगलेवाले," दत्ताभाऊ म्हणाले. "त्यांची कसली सही?"

मी मतदारयादी उघडून पान दाखवलं. पाटकरसाहेब आत आले, खिशातून स्वतःचं पेन काढलं, नाव वाचून खात्री केली आणि शंभरावी सही केली. मैदानात जो आवाज उठला तो लोणावळ्याच्या गाडीलाही ऐकू गेला असेल. कोंडिबाआबांनी, ज्यांच्या कोंबड्याविरुद्ध ती फाईल होती त्यांनी, पाटकरांना मिठी मारली.

"आता वही," अश्विनी म्हणाली.

मी वही उघडली. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने ते वाक्य वाचलं, तारीख वाचली, दत्ताभाऊंची सही वाचली. दत्ताभाऊ एकदम आकाशातले ढग बघू लागले. आकाशात ढग नव्हते.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगून टाकलं. आजचं आधी लिहिलंय, आणि आजचंच नाही, कित्येक वर्षं असंच लिहीत आलोय. विठाबाईंकडे बघून म्हणालो, "मावशी, तुमच्या तिन्ही सभा मी आदल्या दिवशीच तहकूब केल्या."

मग विठाबाई म्हणाल्या, "अक्षर तरी चांगलं काडलंय का?"

आधी एक जण हसला, मग सगळं मैदान हसलं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

"भाऊसाहेब," अश्विनीने विचारलं, "खाली जागा आहे?"

"अर्धं पान आहे."

"मग लिहा."

मी लिहिलं, 'वरील मजकूर सभेपूर्वी लिहिला, तो चुकीचा आहे. सभा भरली.' ते वाचून दाखवलं आणि शंभर हातांनी मंजूर झालं. माझी चूक एकमताने मंजूर झाली, असं भाग्य किती नोकरदारांना मिळतं? मग वरच्या वाडीचा नळ मंजूर झाला. मग खोली. अश्विनीच्या बाजूने हात मोजता मोजता मी दमलो. मेहुण्याच्या बाजूने तीन हात होते. दत्ताभाऊंचा हात कुठेच नव्हता, कारण त्यांच्या दोन्ही हातांत पातेलं होतं. त्यांच्या वाडीचा भात शेवटच्या दोनांत आला होता आणि ते तो राखत होते.

पाटकरांनी कोंबड्याचा विषय मांडला. चर्चा चांगली अर्धा तास झाली. ठराव असा झाला की कोंबड्याने आरवावं आणि आबांनी पाटकरांकडे रोज सकाळचा चहा घ्यायला जावं, म्हणजे जागं झाल्याचं काही सार्थक होईल. पाटकरांनी अनुमोदन दिलं.

आणि वासाचा भात? दोन पातेली उरली, वाद चिघळला, तेव्हा अश्विनी बाकावर चढली आणि म्हणाली, "निकाल पुढच्या ग्रामसभेत!" गाव ओरडलं, चिडलं, आणि पुढच्या सभेला झाडून आलं. निकाल अजून लागलेला नाही. माझ्या माहितीप्रमाणे ती तो कधीच लागू देणार नाही.

त्या पानाची नक्कल वरिष्ठांकडे गेली. मला लेखी ताकीद मिळाली, सबंध नोकरीतली एकुलती एक. शाल-नारळही मिळाला, तो गावाने दिला, सोबत गावच्या नावाची तांदळाची पिशवी. ताकीद मी चौकट करून बैठकीत लावली आहे. बायको म्हणते, लोक प्रमाणपत्र समजून वाचायला जातात. त्यात चुकीचं काय आहे?

आता मी माझ्या स्वतःच्या गावी राहतो. दुसऱ्यांच्या गावात सभा भरवण्यात, खरं तर न भरवण्यात, जन्म गेला. त्यामुळे इथे मतदार असून मी एकाही ग्रामसभेला गेलो नव्हतो. परवाच्या सभेला गेलो. दवंडी ऐकू आली नव्हती. फळ्यावर बारीक अक्षरात नोटीस होती, ती मला बरोबर सापडली. खुर्च्या साठ, माणसं सतरा. ग्रामसेविका तरुण, हुशार, अक्षर माझ्याहून सुंदर. ते मला कळलं, कारण मी सहज त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. वही उघडी होती. सभा सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि पान लिहून झालेलं होतं.

त्यांनी वर पाहिलं. माझ्याइतका नालायक माणूस त्यांना काय बोलणार? बाजूची खुर्ची ओढली, बसलो, आणि अश्विनीला फोन लावला.

"भाऊसाहेब? बोला!" मागे गिरणी धडधडत होती.

"अश्विनी," मी विचारलं, "शंभर माणसांना तांदूळ किती लागतो गं?"